बेंबी सरकली की गयाबाईचा ओटा

किस्से काय ठरवून गोळा होत्यात व्हय? जुन्या गादीतला कापूस बघा. आपुन नुसतं झोपायचं काम करतो, अन् तो आपोआप एका कोपऱ्यात जाऊन बसतो. एक दिवस त्या कोपऱ्यावर डोकं पडलं की समजतं, आरं, हितं तर गोळाच झालाय! मपल्या ओट्याचं तसंच झालं. पन्नास वर्सं लोकं येत्यात, उतानी पडत्यात, पोट उघडं करत्यात अन् काहीबाही बोलत्यात. मी ऐकते. बस्स.

ह्यो गोळा उसवला शाळेतल्या मॅडमनं. वाटूरच्या जवळच आमचं गाव. हितल्या हायस्कुलात मॅडम नवीन आल्यात, पुन्याकडच्या. मपल्या शेजारच्याच खोलीत ऱ्हात्यात. त्यायला इकडच्या बोलीतले शब्द गोळा करायचा नाद. वहीला तीन खाने: शब्द, अर्थ, वापर. एक दिवस सकाळीच वही घेऊन आल्या.

"आजी, 'बेंबी' या शब्दाचा अर्थ आणि वापर सांगता का? आम्ही नाभी म्हणतो."

"म्हना की. पन नाभी सरकल्याली मी अजून ऐकली न्हाई. सरकती ती बेंबीच!"

"सरकते? म्हणजे जाते कुठे?"

"त्याचा काय नेम न्हाई. कालची तर पार बसस्टँडवर गेल्ती. पकडून आनली."

मॅडमनी ते लिहून घेतलं!

*

आता शहान्यावानी सांगते. जड उचललं, पाय घसरला, न्हाईतर मोटरसायकलवर मागं बसून खड्ड्यात आदळलं की बेंबी सरकती. वरचं भोक जागच्या जागीच ऱ्हातं, आतली धुकधुक जागा सोडती. मंग पोटात कळा, जेवन जाईना, कशात मन लागंना. सकाळी उपाशीपोटी यायचं, गोधडीवर उतानं पडायचं. मी बेंबीवर अंगठा ठेवते अन् डोळे मिटते. खाली धुकधुक लागती. कशी सांगू? लांब कुन्या घरी बाई उखळात तीळ कांडून राह्यली अन् आपुन अर्ध्या झोपेत ऐकून राह्यलो, तशी. बराबर अंगठ्याखाली लागली तर बेंबी जागेवर. वर-खाली, बाजूला लागली तर सरकली. तेलाचं बोट फिरवत फिरवत तिला घरी आनायचं. मंग कनकेच्या चपट्या गोळीवर वात पेटवून वरून तांब्या पालथा घालायचा. तांब्या पोटाला आसा चिकटतो, जसं लेकरू आईला.

अन् धुकधुक जागेवर आसून बी पोट दुखत आसंल तर मी हात लावत न्हाई. "परतूरच्या दवाखान्यात जा, जल्दी," म्हनते.

तांब्याचं काम संगीताचं. संगीता मपल्या भावाची पोरगी, अन् सून बी. वीस वर्सं झाली ती तांब्या घेऊन बाजूला बसती, अन् वीस वर्सं एकच इचारती, "आत्या, एकदा मला ठेवू द्या ना अंगठा." पन रिवाज आसा की बेंबी बसवनारं मानूस पायाळू पायजे. पायाळू म्हंजी जल्माला येताना डोक्याआधी पाय बाहेर काढलेलं. संगीता आली डोक्याकडून. मी पायाळू.

म्हंजी, गाव तसं समजतं.

आनखी एक गोष्ट, कोनाला सांगू नका. संक्रांतीपासून मपला अंगठा झोपायलाय. आधी मुंग्या येत्यात, मंग काहीच समजत न्हाई. परवा चुलीपुढं मांजर पसरल्ती, तिच्या पोटावर ठेवून बघितला. मांजर घरघर करत व्हती. कानाला ऐकू येत व्हतं. अंगठ्याला न्हाई.

*

मी पायाळू झाले ती निंदनीच्या कटाळ्यानं!

लगीन होऊन चार महिने झालते. रोज कपाशी निंदायला जायचं, वरून ऊन, खालून ढेकळं. एक दिवस सासूची बेंबी सरकली. गावातली बसवनारी म्हातारी वारल्ती. सासरा ओट्यावरून वरडला, "घरात कोनी पायाळू हाय का रं?" मी डोक्याला फडकं बांधून, हातात खुरपं घेऊन निघालेच व्हते. खुरपं खाली ठेवलं अन् म्हनलं, "मी हाय."

मपली आई तर सांगायची, मी येताना आसं डोकं काढलं जनू खिडकीतून बाहेर बघायली. पन आई दोन वर्सांआधीच गेल्ती. इचारनार कोनाला?

सासूच्या बेंबीवर अंगठा ठेवला. पुढं काय करायचं, बिलकुल ठाऊक न्हाई! नुसता ठेवला. थोड्या येळानं खाली काहीतरी हाललं. आधी वाटलं, मपलीच छाती उडून राह्यली. मंग वाटलं, न्हाई, ही दुसरी हाय. मंग दोन्ही एकामागं एक चालायला लागल्या, जसे दोन बैल एका वाटंनं घरी येत्यात. सासूचा डोळा लागला. अंगठा काढायची मपली हिंमत होईना. ऊन ओट्यावर चढलं, उतरलं. निंदनीच्या बाया परत आल्या. तवा सासू उठली, आळस दिला अन् म्हनली, "बसली गं माय!"

मी हळूच इचारलं, "आत्याबाई, उद्या पुन्ना ठेवावा लागंल का?"

सासूनं मपल्या भाजलेल्या तोंडाकडं बघितलं.

"पंधरा दिवस तर ठेवच," म्हनली. "ऊन बी लई हाय."

*

अंगठ्याखाली खोटं बोलायचं न्हाई, ह्यो कायदा मातर निव्वळ मपल्या डोक्यातला. गंमत म्हनून एकदा सोडून दिला: "अंगठा हाय तवर खोटं बोललं की बेंबी आनखी चार बोटं पळती." झालं! तवापासून गावातली मोठमोठी मानसं मपल्या ओट्यावर लेकरावानी खरं बोलायलीत.

किसनराव बघा. मिशीवाला गडी. बाजारात तुरीचं पोतं एकल्यानं उचललं म्हनून बेंबी सरकली, आसं सगळ्या गल्लीला सांगत सांगत आला. संगं बायको, कमल. मी अंगठा ठेवला. किसनराव वर पत्र्याकडं बघत गप पडला. थोड्या येळानं बारीक आवाजात म्हनला, "मावशी, पोतं न्हवतं."

"मंग?"

"बाई व्हती."

संगीताच्या हातातला तांब्या हालला. कमल जागची हालली न्हाई.

"कोन बाई?" कमल म्हनली. लई शांत म्हनली. तो शांतपना मला काय बरा वाटला न्हाई.

"तूच की. परवा शेतात लिंबाखाली खाटंवर झोपल्ती. ऊन तोंडावर आलं. तुला उठवावं वाटंना. मंग एका अंगानं खाट उचलून सावलीत घेतली. सावली पुन्ना सरकली. पुन्ना घेतली. तीनदा."

कमलनं पदराचं टोक दातात धरलं अन् भिताडाकडं तोंड फिरवलं.

आठ दिवसांनी एकलीच आली. "मावशी, त्यायची बेंबी आनखी एकदा सरकवता येती का हो? दुसरं काय काय उचललंय ते इचारायचंय!"

*

आमच्या म्हाताऱ्याची बेंबी ठराविक टायमालाच सरकती: मी बोलनं बंद केलं की!

कधी भाजीला नाव ठेवतंय, कधी मपल्या भावाला. मी गप होते. एक दिवस जातो, दोन दिवस जात्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारं ओट्यावर येऊन आपसूक उतानं पडतं. "बेंबी सरकली वाटतं," पत्र्याला सांगतं. मी अंगठा ठेवते. धुकधुक बराबर मधोमध, घड्याळावानी! मी म्हनते, "लई सरकली. अर्धा तास लागंल." म्हातारं म्हनतं, "लागू दे." मंग आमी दोघं बी गप. रस्त्यानं दूधवाला जातो, कोंबड्या ओट्याखाली खुडखुड करत्यात, अन् मला वाटतं की ओटाच हळूहळू वाहून राह्यला, आमी दोघं त्याच्यावर बसून कुठं तरी निघालोत.

एकदा संगीतानं दारातून इचारलं, "मामा, तुमची बेंबी शेतात कधीच कशी सरकत न्हाई?"

म्हाताऱ्यानं डोळे उघडले न्हाईत. "तिकडं अंगठा कुठं हाय?"

मागल्या महिन्यात मातर आसंच पडल्यावर म्हनलं, "गया, आज तुपला अंगठा गार लागायला."

"थंडी हाय ना," मी म्हनले.

बाहेर चैताचं ऊन तापत व्हतं. संगीताच्या हातात तांब्या व्हता, तिनं तो पदरानं उगच पुसला.

*

मॅडमची वही भरत व्हती. एक दिवस म्हनल्या, "आजी, 'बेंबीच्या देठापासून ओरडणे' म्हणतात. बेंबीला देठ असतो का हो?"

आता आसं इचारल्यावर मपल्यासारखीनं काय करावं!

"आसतो तर. पन सगळ्यायला न्हाई. बघावं लागतं."

मॅडमचा आवाज म्हंजी मऊ, पिठावानी. वर्गात दुसऱ्या बाकाच्या पुढं जात न्हाई. मागची पोरं डबे खात्यात. मॅडमला त्याचं लई टेन्शन. मी त्यायला गावाबाहेर बांधावर नेलं. म्हनलं, "बेंबीवर हात ठेवा. डोळे मिटा. आवाज गळ्यातून नका काढू, हातानं खालून वर ढकला. अन् मपलं नाव घेऊन हाळी द्या."

पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा चिमनी. मी म्हनलं, "मॅडम, मागच्या बाकावर तुमच्याच डब्यातली पोळी खाऊन राह्यलेत."

तिसऱ्यांदा जी हाळी निघाली, "गयाबाईऽऽऽ!" माय माय माय! झाडावरचे बगळे उठले. पल्याडच्या शेतातून चार गडी काठ्या घेऊन पळत आले, साप निघाला म्हनून! एका गड्याच्या हातात तर नुसती चप्पल व्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत पहिल्याच तासाला हेडमास्तर वर्गाच्या दारात. "मॅडम, तब्येत बरी हाय ना?" मागच्या बाकावरची पोरं हाताची घडी घालून बसल्ती.

मॅडमनी वही दाखवली. देठ. अर्थ: असतो. वापर: केला.

*

आता मपल्यानंतर अंगठा कोनाचा, ही गावाची चिंता. अन् एक दिवस बातमी आली, गल्लीतल्या वसंताच्या बायकोला जालन्याच्या दवाखान्यात नेलंय, पोटात लेकरू उलटं हाय, ऑपरेशन करून काढनार! लोकायला केवढा आनंद! लेकराचा न्हाई, पायाळूचा.

ओट्यावर मीटिंग बसली. किसनरावनं शंका काढली, "ऑपरेशनचं लेकरू पायाळू धरायचं का?"

कमल म्हनली, "पाय आधी निघाले तर धरायचं. वरून निघाले काय अन् खालून निघाले काय!"

वसंताला फोन लावला. तो म्हनला, "मला काय ठाऊक? मी बाहेर व्हतो. दार बंद व्हतं."

"मंग सिस्टरला दे!"

सिस्टरनं फोन घेतला. "बाळ छान आहे, आईपण छान आहे."

"ते बराबर हाय," किसनराव वरडला, "पन आधी काय निघालं? पाय का डोकं?"

सिस्टरनं आत कोनाला तरी इचारलं. मंग म्हनली, "आधी ढुंगण निघालं, काका."

मीटिंग थंड! ढुंगनाचा रिवाज कोनालाच ठाऊक न्हवता. शेवटी मपली जुनी मैतरीन जैनबबी, जी पन्नास वर्सांपासून ह्या ओट्यावर येती, ती सुपारी कातरता कातरता म्हनली, "ये तो बैठ के आया. बैठ के खायेगा."

सगळी हसली. संगीता हसली न्हाई. तांब्या घासत बसल्ती. मान वर न करता म्हनली, "त्या लेकराला आधी सोताचा अंगठा तोंडात धरायला येऊ द्या. तवर आत्याचा टिकंल का?"

मी म्हनलं, "मपल्या अंगठ्याला काय झालं?"

ती मपल्याकडं बघतच ऱ्हायली. मीच नजर फिरवली.

*

अन् ह्यो परवाचा.

जैनबबीनं पान्याचा मोठा जार उचलला. घरात दोन दोन नाती, पन बुढीला धीर धरवंना. सकाळी पोट धरून आली. ओट्यावर कमल व्हती, मॅडम वही घेऊन व्हत्या, संगीता तांब्या घेऊन व्हती.

"अगे गयाबाई, देख मेरेकू. रात से जान निकल रई."

पडली. मी अंगठा ठेवला. डोळे मिटले.

काहीच न्हाई.

वर सरकवला. न्हाई. खाली. न्हाई. डाव्या अंगाला, उजव्या अंगाला. उखळ न्हाई, तीळ न्हाई, लांबचं घर न्हाई. एकदा तर वाटलं, जैनब गेलीच! डोळे उघडून बघितलं तर ती टुकुटुकु बघायली.

"मिली क्या?"

"थांब, शोधून राह्यले."

"कितना ढूंडती? पेट है मेरा, अंबड का बाजार नई!"

कमल हसली. पन्नास वर्सांत पहिल्यांदा मला त्या ओट्यावर काय करावं ते समजंना. नुसता अंगठा ठेवून बसले, जशी सासूच्या बेंबीवर बसल्ते. पन तवा खाली काहीतरी हाललं व्हतं.

तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. संगीता सरकून जवळ आली. ह्या खेपेला काही इचारलं न्हाई. मपल्या अंगठ्याला लागून तिनं तिचा अंगठा ठेवला अन् डोळे मिटले.

ओट्याखाली कोंबड्या खुडखुड करत व्हत्या.

"आत्या," ती म्हनली, "वर हाय. दोन बोटं वर, उजव्या अंगाला."

तिनं तेलाचं बोट घेतलं अन् हळूहळू फिरवायला लागली. जैनबबीच्या कपाळावरच्या आठ्या एक एक करून निघायला लागल्या.

मॅडमचा आवाज आता सगळ्या ओट्याला ऐकू जातो. "पण संगीताताई तर पायाळू नाहीत ना?"

कमलनं मपल्याकडं बघितलं. मॅडमनं मपल्याकडं बघितलं. दारात म्हातारं उभं व्हतं, त्यानं बी बघितलं. संगीताचा हात थांबला. डोळे तिनं उघडले न्हाईत, पन पापन्या हालत व्हत्या. वीस वर्सं तिनं एकच मागितलं व्हतं.

मी म्हनलं, "कोन म्हनतं न्हाई म्हनून? पाय आधी आले तिचे! म्याच धरून वढले. भावाच्या घरी बाळंतपनाला मीच गेल्ते की!"

संगीता जल्मली त्या दिवशी मी हितं कापूस येचीत व्हते.

"मंग मावशी, वीस वर्सं सांगितलं कामून न्हाई?" कमल म्हनली.

मपल्याला काही सुचंना. मपल्याला! तवर संगीता बोलली, डोळे मिटूनच. "म्याच सांगू दिलं न्हाई. मला तांब्या धरायला आवडतो."

एवढ्या थंडपनानं बोलली की क्षनभर मला बी खरं वाटलं.

खाली जैनबबीनं एक डोळा उघडला. आधी संगीताकडं बघितलं, मंग मपल्याकडं. मंग तो डोळा बी मिटला.

"दोनो झूटी," म्हनली. "मेरेकू तो पैले दिन से मालूम."

जैनबबीचा आवाज जड झाल्ता, झोपेच्या पार आतून यायला लागल्ता.

"अंगूठा नक्को हटा."

अन् घोरायला लागली.

कोनाला म्हनली, मला का संगीताला, ते काय समजलं न्हाई. आमी दोघींनी बी काढला न्हाई.